कायझरश्मार्न घरी केला की त्याचं धिरडं का होतं?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. ऑस्ट्रियात साल्झबुर्गकडच्या डोंगरात एका लाकडी उपाहारगृहात तुम्ही कायझरश्मार्न, म्हणजे अंडी-मैद्याच्या जाड, फुगीर पॅनकेकचे लोणी-साखरेत भाजलेले तुकडे, खाल्लात, पुण्याला परतल्यावर तीनदा करून पाहिलात आणि तिन्ही वेळा फसला. पहिल्यांदा गोड ऑम्लेट झालं. दुसऱ्यांदा झाकणाखाली टम्म फुगला आणि ताटात येईपर्यंत बसला. तिसऱ्यांदा साखर करपून कडू झाली. ओव्हन नाही, २४ सेंटीमीटरचं नॉन-स्टिक पॅन आहे, आणि सासूबाई अंडं खात नाहीत म्हणून बिनअंड्याचा जमेल का, असंही विचारलंत. अंड्यांचा पांढरा भाग नीट फेटला जात नाही म्हणून हे सगळं होतंय, असा तुमचा संशय आहे.

मला तसं वाटत नाही. तुम्ही पाठवलेल्या कृतीत शेवटची ओळ आहे, 'तुकडे करून वाढा.' घोळ त्या ओळीत आहे. ती वाचणारा माणूस आधी पूर्ण शिजवतो, मग ताटात काढून तुकडे करतो. म्हणजे जाड धिरडं करून ते कुस्करतो. श्मार्न अर्धवट ओला असतानाच पॅनमध्ये फाडायचा असतो, आणि त्याचं निम्मं शिजणं त्या फाडण्यानंतर होतं. तुम्ही खाल्लेल्या तुकड्यांना खरपूस कडा होत्या ना? त्या फाडलेल्या बाजू लोण्यात पुन्हा भाजल्या गेल्या म्हणून होत्या.

हे मी अधिकाराने सांगतो कारण माझी स्वतःची सुरुवात याच चुकीने झाली. मी मूळचा साताऱ्याचा. ऑस्ट्रियातल्याच टिरोलमध्ये डोंगरवाटेवरच्या एका उपाहारगृहात चार उन्हाळे काढले, नंतर इन्सब्रुकमध्ये स्वयंपाकघरातच राहिलो. पहिल्या आठवड्यात मला श्मार्नवर उभं केलं. मी छान गोल, दोन्हीकडून सोनेरी, मधोमध शिजलेला असा भाजला, पाटावर घेतला आणि सुरीने शंकरपाळ्यासारखे चौकोन कापले. आमच्या मुख्य आचारीणबाईंनी एक तुकडा उचलून बोटांत दाबला आणि म्हणाल्या, 'हा केक आहे.' दुसरं काही बोलल्या नाहीत. पुढच्या ऑर्डरला मला बाजूला करून स्वतः उभ्या राहिल्या. वरचा भाग अजून थरथरत होता तेव्हाच त्यांनी दोन काटे पाठीला पाठ लावून मधे खुपसले आणि ओढून वेगळे केले. आतून वाफ आणि थोडं ओलं पीठ बाहेर आलं. मला वाटलं, बिघडला. त्यांनी लोण्याचा गोळा टाकला, मूठभर साखर उधळली, आच वाढवली. आधी लोण्याचा फेस चुरचुरला, मग तो आवाज बारीक होत गेला आणि साखर तुकड्यांना चिकटून तडतडायला लागली. तेवढ्यात पॅन उतरवलं. फाडल्यापासून दोन-अडीच मिनिटं झाली असतील.

नावाबद्दल तुम्ही सहज विचारलंय, तर तेही उरकून टाकतो. कायझर म्हणजे सम्राट. इथे तो ऑस्ट्रियाचा फ्रांत्स योझेफ, जो १८४८ ते १९१६ इतकी वर्षं गादीवर होता. श्मार्न म्हणजे असा फाडलेला पदार्थ, आणि बोलीभाषेत 'काहीतरी फालतू' असाही त्याचा अर्थ होतो. 'काय श्मार्न बोलतोयस' असं इथे रोज ऐकू येतं. त्याची बायको, सम्राज्ञी एलिझाबेथ, वजनाला जपायची, तिच्यासाठी केलेला पदार्थ तिने नाकारला आणि सम्राटाने 'आण इकडे तो श्मार्न' म्हणून खाल्ला, ही गोष्ट प्रत्येक मेन्यूकार्डावर छापलेली असते. दुसरी गोष्ट सांगते की हे मुळात डोंगरातल्या गवळ्यांचं, चीज करणाऱ्यांचं खाणं. त्यांना काझर म्हणत आणि काझरचा कायझर झाला. दोन्हीला पुरावा नाही. मला गवळ्यांची जास्त पटते, कारण कुरणावर दूध, लोणी, अंडी आणि पीठ एवढंच हाताशी असतं. शिवाय इथे श्मार्नचं घराणंच आहे: बटाट्याचा, शिळ्या पावाचा, रव्याचा. बहुतेक गरिबाघरचं खाणं.

आता कामाचं. प्रमाण सांगतो, पण आधी एक गोष्ट परिस्थितीवर अवलंबून आहे ती म्हणजे तुमची अंडी. इथलं मध्यम अंडं कवचासकट ५३ ते ६३ ग्रॅमचं असतं. आपल्याकडची बरीच अंडी त्याहून लहान. इथली कृती चार अंडी म्हणते तिथे पुण्यात पाच घ्या. दोघांना पोटभर, किंवा जेवणानंतर गोड म्हणून चौघांना: मैदा १२० ग्रॅम, दूध २५० मिलीलिटर, पाच लहान अंडी, साखर २५ ग्रॅम, चिमूटभर मीठ, व्हॅनिला, अर्ध्या लिंबाची किसलेली पिवळी साल. पिशवीतलं म्हशीचं किंवा फुल क्रीम दूध ६ टक्के स्निग्धांशाचं असतं, त्याने श्मार्न जड होतो. गाईचं दूध घ्या. इथलं नेहमीचं दूध साधारण तसंच, साडेतीन टक्क्यांचं असतं. कणकेने करू नका. पौष्टिक होईल, पण त्याला पोळीची चव येते.

एवढं पीठ अंड्यांचं फेटलेलं पांढरं मिसळल्यावर जेमतेम एक लिटर भरतं. २८ सेंटीमीटरच्या पॅनचा तळ साधारण २४ सेंटीमीटर असतो, त्यात ओतल्यावर दोन सेंटीमीटरचा थर बसतो. हीच जाडी हवी. तुमच्या २४च्या पॅनचा तळ २० सेंटीमीटरच्या आसपास असेल. त्यात हेच सगळं ओतलं की थर तीन सेंटीमीटरच्या वर जातो, तळ करपेपर्यंत मधलं कच्चं राहतं. दुसऱ्या वेळी तुमचं हेच झालं असावं. पहिल्या वेळी तुम्ही दोनच अंड्यांचं केलंत, तोही मोठ्या डोशाच्या तव्यावर, म्हणजे थर बोटाच्या पेरापेक्षा पातळ. पातळ थराला आतला मऊ भाग नसतोच, मग फाडून काय मिळणार? तर २४च्या पॅनसाठी वरच्या प्रमाणाच्या दोन तृतीयांश करा: मैदा ८०, दूध १६०-१७०, अंडी तीन मोठी किंवा चार अगदी लहान. पाहुणे जास्त असतील तर दोनदा करा.

पीठ भिजवताना मैद्यात आधी निम्मंच दूध घालून गुठळ्या मोडा. घट्ट पिठात गुठळी फुटते, पातळ पिठात ती पोहत राहते. मग उरलेलं दूध, मग पिवळे बलक, मीठ, सालीचा कीस. जास्त घोटू नका. दहा मिनिटं झाकून ठेवा.

आता पांढऱ्याबद्दल. तुमची पांढऱ्याची चिंता अगदीच बिनबुडाची नाही, पण उलट्या दिशेने आहे. तुम्ही लिहिलंय, 'भांडं उलटं केलं तरी पडत नव्हतं, थर्माकोलसारखं झालं होतं.' म्हणजे जास्त फेटलं गेलं. इतकं कोरडं झालेलं पांढरं पिठात मिसळत नाही, त्याचे गोळे राहतात. ते मोडायला तुम्ही जोरात ढवळता आणि हवा निघून जाते. साखर घालत फेटा आणि व्हिस्क उचलल्यावर शेंडा उभा राहून टोकाला किंचित वाकला की थांबा. फेटायचं भांडं स्टीलचं घ्या, आधी लिंबाच्या फोडीने पुसा. बलकाचा थेंब किंवा तेलकटपणा असेल तर फेस धरत नाही, आणि प्लॅस्टिकच्या भांड्याला तेलकटपणा चिकटून राहतो. मिक्सरच्या भांड्यात पांढरं फुगत नाही, ती पाती कापतात, फेटत नाहीत. हाताने पाच-सात मिनिटं लागतात. पिठात मिसळताना आधी एक तृतीयांश टाकून बिनधास्त ढवळा, पीठ सैल होतं. उरलेलं दोनदा, खालून वर असं हलक्या हाताने. पांढऱ्या दोन-चार रेघा दिसत राहिल्या तर राहू द्या.

आणि बसतो म्हणून जीव टाकू नका. बसणारच. फेसातली हवा तापून फुगते, आच काढली की आकसते, शिवाय तुम्ही तो फाडणार आहात. आम्ही कधी उंची मोजली नाही. फेटलेल्या पांढऱ्याचं काम एवढंच की फाडल्यावर आत जाळी दिसावी. गर्दीच्या दिवशी इथली कित्येक उपाहारगृहं अंडी वेगळी न करता सगळं एकत्रच घुसळतात. तोही श्मार्नच असतो, थोडा दाट.

स्निग्धाचं बघू. पहिल्या भाजणीला लोणी घेतलं तर त्यातला दुधाचा अंश मध्यम आचेवरही काळा पडतो. इथे त्यासाठी बुटरश्माल्त्स वापरतात, म्हणजे कढवलेलं लोणी, आपल्या तुपाचा सख्खा भाऊ. फरक असा की आपलं तूप विरजणाच्या लोण्याचं आणि जास्त कढवलेलं, त्यामुळे वासाला जबरदस्त. एक चमचा तूप पुरे. जास्त घातलंत तर बेसनाच्या लाडवाची आठवण येईल. दुसऱ्या भाजणीला, फाडल्यानंतर, मात्र लोणीच हवं, चांगलं २५-३० ग्रॅम. मिठाचं लोणी असेल तर पिठात मीठ घालू नका.

नॉन-स्टिक चालेल, पण त्यात धातूचे काटे घालू नका, लाकडाचे दोन उलथने वापरा. बिडाचं जाड, उभ्या कडेचं पॅन असेल तर खरपूसपणा अधिक चांगला येतो. फक्त त्याच्यात रोज लसणाची फोडणी होत नसेल याची खात्री करा. माझ्या भावाने घरच्या बिडाच्या कढईत केला आणि मला फोनवर म्हणाला, 'मस्त झालाय, पण जरा पिठल्यासारखा लागतो.'

ओव्हन नसल्याची अडचण नाही. आमच्याकडेही अर्धे श्मार्न शेगडीवरच व्हायचे. अडचण आहे ती आपल्या गॅसची, कारण ज्योत मधोमध एकवटते. पॅनखाली जुना लोखंडी तवा ठेवा, बिर्याणीला दम देताना ठेवतो तसा. तवा आधी तापवून घ्या, मग त्यावर पॅन, तूप, पीठ. पीठ ओतल्यावर बेदाणे वरून पेरा आणि बोटाने हलकेच आत दाबा, वर राहिलेले जळतात. झाकण ठेवा, आच मंद ते मध्यम. पाच मिनिटं झाकण उघडायचं नाही. मग बघा: कडा सुटलेल्या, वर बुडबुड्यांची छिद्रं, मध्यभाग ओला आणि पॅन हलवलं की थरथरणारा. कालथ्याने अधिक चिन्हासारखे दोन छेद देऊन चार पाव करा आणि एकेक पाव उलटा. आख्खा उलटायला जाऊ नका, तो सर्कशीचा प्रकार आहे. उलटल्यावर दीड-दोन मिनिटं, झाकण न ठेवता.

आता फाडा. काट्याने किंवा उलथन्याने ओढून तोडायचं, कापायचं नाही. सुरीने कापलेली बाजू गुळगुळीत असते, तिच्यावर लोणी-साखर धरत नाही. फाटलेली बाजू खडबडीत असते. तुकडे दोन बोटं रुंद, कमीजास्त. एकसारखे नकोच, लहान तुकडे कुरकुरीत होतात आणि मोठे आत मऊ राहतात. या क्षणी आत किंचित ओलं दिसलं पाहिजे. कोरडं दिसलं तर उशीर झाला, पुढच्या वेळी एक मिनिट आधी.

खालचा तवा काढून टाका, पॅन थेट ज्योतीवर, आच मध्यमपेक्षा थोडी वर. तुकडे कडेला सारून मधे लोणी, ते फेसाळलं की त्यावर दोन चमचे साधी दाणेदार साखर, मग सगळं परतत राहा. तुमची साखर करपली कारण तुम्ही ती पिठाबरोबरच तळाला पसरली होती. साखरेचं कॅरामल १६०-१७० अंशांच्या पुढे होतं आणि तिथून कडू व्हायला वेळ लागत नाही. तुमच्या पॅनमध्ये ती दहा मिनिटं होती. शेवटच्या दोन मिनिटांत घातली की करपायला फुरसतच मिळत नाही. पिठीसाखर इथे घालू नका, ती वाढताना वरून भुरभुरवायला ठेवा.

म्हणजे वेळापत्रक असं: झाकून पाच मिनिटं, उलटून दोन, फाडून लोणी-साखरेत दोन. तुमच्या गॅसवर आणि पॅनवर एखाद-दुसरं मिनिट इकडेतिकडे होईल, ते तुम्हालाच ठरवावं लागेल.

तुम्ही लिहिलेला अंड्याचा वास बहुतेक वेळा अंडं जास्त शिजल्याने येतो, जसा फार उकडलेल्या अंड्याला येतो. वेळेत फाडलात तर निम्मा जाईल, उरलेला लिंबाची साल आणि रम झाकते. रम बेदाण्यांसाठी: ४० ग्रॅम बेदाणे दोन-तीन चमचे काळ्या रममध्ये तासभर. मुलं खाणार असतील तर सफरचंदाच्या रसात भिजवा. तासगावचे हिरवट बेदाणे छान चालतात, इथल्या तपकिरी बेदाण्यांपेक्षा आंबट असतात आणि मला तेच आवडतात. बाकी बेदाणे हवेत की नकोत यावर इथल्या घराघरांत भांडणं आहेत. दर तिसरा पर्यटक 'बेदाण्यांशिवाय' सांगायचा आणि आमच्या बाई दर वेळी भुवई उंचावायच्या.

सोबत तुम्ही जे जांभळं खाल्लंत ते त्स्वेचकेनरोस्टर, म्हणजे आलुबुखारांचा दाट, फोडी शिल्लक असलेला मुरांबा. इथली फळं लांबट, घट्ट, कमी रसाची, बी सहज सुटणारी असतात आणि ऑगस्टच्या शेवटापासून येतात. आपल्याकडे उन्हाळ्यात हिमाचलहून येणारे गोल आलुबुखार वेगळ्या जातीचे, पाणीदार. त्यांचं सरबत होतं. यावर माझी युक्ती अशी: निम्मे ताजे आलुबुखार आणि निम्मे बाजारात 'प्रून्स' म्हणून मिळणारे सुके. ते सुके इथल्या त्स्वेचकेच्याच प्रजातीचे असतात, त्यामुळे चव आपोआप जवळ येते. अर्धा किलो एकूण फळाला ७०-८० ग्रॅम साखर, दालचिनीचा तुकडा, दोन लवंगा, लिंबाचा रस. पाणी थेंबभरही नको. मंद आचेवर, झाकण न ठेवता, साली सुटून गुंडाळायला लागेपर्यंत. आदल्या दिवशी केलात तर अधिक चांगला. आलुबुखार नसतील तर सफरचंदाचा शिजवलेला गर, टिरोलमध्ये कित्येक जण तोच घेतात. आंब्याच्या रसाबरोबर करून पाहिलाय मी. गोडावर गोड होतं, आंबटपणा लागतोच.

राहिला सासूबाईंचा प्रश्न. बिनअंड्याचा कायझरश्मार्न होत नाही. केळं, जवस, दही घालून केलेले प्रकार मी चाखलेत; ते चांगले पॅनकेक असतात, पण फाडल्यावर चिकट होतात, त्यांना जाळी येत नाही. त्यांच्यासाठी रव्याचा करा, ग्रीसश्मार्न. तोही अस्सल इथलाच, आणि त्याच्या जुन्या घरगुती कृतींत अंडं लागतच नाही. अर्धा लिटर दूध, चमचाभर लोणी, दोन चमचे साखर, चिमूट मीठ उकळा, १५० ग्रॅम रवा न भाजता धार धरून घाला, गोळा सुटेपर्यंत ढवळा, बेदाणे मिसळा. थापून पंधरा मिनिटं निवू द्या. मग काट्याने ओबडधोबड मोडा आणि लोण्यात, मध्यम आचेवर, चांगली दहा-बारा मिनिटं परता. घाई केली तर लगदा होतो. ढवळत राहू नका, खाली खरपूस पापुद्रा धरू द्या आणि मग खरवडून उलटा. सासूबाई पहिल्यांदा 'हा तर शिराच' म्हणतील. त्यांच्या ताटलीत तळाची खरवड जास्त वाढा आणि बाजूला तो आंबट आलुबुखार.